कॅल्शियमची गोळी आणि माझ्या मनगटातली पाइप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मंगळवारच्या आरोग्य पानावर गेल्या महिन्यात ठिसूळ हाडांवर लेख आला होता. पन्नाशीनंतर रोज दूध घ्या, नाचणी खा, तिळाचे लाडू खा, रात्री झोपताना कॅल्शियमची एक गोळी घ्या, त्यानं अपाय काहीच होत नाही, असं त्यात होतं. धडधाकट माणसाला तो सल्ला बरोबर असेलही. पण त्या लेखाचं कात्रण आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात पोचलं आणि पुढं जे झालं ते कळवावं म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी येळ्ळूरचा. नळकाम करतो. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, कितीतरी घरांच्या भिंतींत माझ्या हातच्या पाइपा आहेत. हल्ली जड काम होत नाही. पोरगं करतं, मी स्टुलावर बसून सांगतो आणि ते वैतागतं. डायलिसिसवर मला नववं वर्ष लागलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली शिफ्ट, चार तास. बाराशेच्या वर वेळा मशीनवर चढून उतरलोय. बीपी होतं, ते कळलं तेव्हा दोन्ही किडन्या आटून गेल्या होत्या. ती गोष्ट वेगळी, इथं नको.

दोन वर्षांमागं अनगोळात एका घरी जुनी दीड इंची जीआय, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी, पाइप उतरवताना हातातून सटकली आणि उजव्या मनगटावर बसली. हात टम्म सुजला. डावा हात फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा), उजवा कामाचा, तोही गेला तर खाणार काय, म्हणून तसाच जाऊन एक्स-रे काढला. एक्स-रे काढणारं पोरगं फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिलं. मग मला म्हणालं, "मामा, हातात कधी तार घालून घेतलीय काय हो?"

मी म्हटलं, तार कुठली बाबा? तर त्यानं बोट ठेवून दाखवलं. मनगटाच्या हाडांच्या बाजूनं, अंगठ्याकडं जाणाऱ्या दोन बारीक पांढऱ्या रेघा. एकमेकींना समांतर, थोड्या वळणाच्या, मध्ये पोकळ. मला कुणी कागदावर पाइप काढून दाखव म्हटलं तर मी अशीच काढीन. चाळीस वर्षं पाइपांत गेली, पण आपल्याच हातातली पाइप त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

हाड मोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला गेलो तेव्हा फोटो आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, वैद्य जिच्यावर बोट ठेवून ठोके मोजतात ना, ती ही तुमची धमनी. धडधाकट माणसाची धमनी साध्या एक्स-रेत दिसत नाही, ती मऊ असते, किरण तिच्यातून पार जातात. तुमची दिसतेय, कारण तिच्या भिंतीत कॅल्शियम बसलंय. हातात दिसतंय म्हणजे पायात असणार, पोटातल्या मोठ्या धमनीत असणार, हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांतही असण्याची शक्यता मोठी.

आता नळकाम करणाऱ्या माणसानं काय विचारावं? मी विचारलं, "डॉक्टर, ॲसिड मारून निघत नाही काय?"

हसू नका. आमच्या भागात बोअरच्या पाण्याचा क्षार काय असतो ते मला विचारा. राकसकोपच्या नाहीतर हिडकलच्या धरणाचं पाणी येणाऱ्या घरात गिझर वर्षानुवर्षं चालतो आणि बोअरवाल्या घरात त्याच कंपनीची कॉइल दोन वर्षांत पांढऱ्या चुन्याचं कणीस होऊन बाहेर येते. पाइप कापली तर आतलं भोक करंगळीएवढंही राहिलेलं नसतं. म्हणून मला वाटलं की रक्तातही तसंच, चुना आतून साचला, भोक बारीक झालं.

डॉक्टरांनी माझी समजूत तिथंच मोडली. ते म्हणाले, साचलेलं नाही हे, बदललेलं आहे. तुमच्या पाइपेत क्षार आतल्या अंगाला धरतो. इथं भोक बहुतेक आहे तेवढंच आहे, पण पाइपेची भिंतच हाडासारखी होत चाललीय. रबरी नळी होती, तिची जीआय झाली.

घरी येऊन हे पुतणीला सांगितलं. ती बी. फार्म. करते. तिनं आठवडाभर कुठंकुठं वाचून मला समजावलं, ते इथं माझ्या भाषेत मांडतो. धमनीच्या मधल्या थरात स्नायूच्या पेशी असतात, त्या नळीला आवळतात, सैल सोडतात. २००० साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या धमनीतल्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. नेहमीइतकं फॉस्फरस असलेल्या द्रवात त्या नीट राहिल्या. पण डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात असतं तेवढं फॉस्फरस वाढवल्यावर त्या पेशी हाडाच्या पेशींसारखं वागू लागल्या आणि आजूबाजूला कॅल्शियम रचू लागल्या. म्हणजे क्षार आपसूक बसला असं नाही, भिंतीतल्या गवंड्यानंच धंदा बदलला. हे ऐकल्यावर ॲसिडचा विषय मी मनातून काढला. आणि अजून कुणी "नसांतला चुना विरघळवणारा काढा" घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवतो. एकदा बसलेलं कॅल्शियम भरवशानं काढून टाकणारं औषध आज नाही. पुढचं बसणं कमी करणं, एवढंच हातात आहे.

मधल्या थराच्या या दुखण्याचं वर्णन मोंकेबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९०३ मध्येच करून ठेवलंय. म्हातारपणात आणि साखरेच्या आजारात ते दिसतं. आम्हा डायलिसिसवाल्यांत ते पोरसवदा वयात दिसतं. २००० मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पाहणी छापून आली. डायलिसिसवरच्या २० ते ३० वयाच्या १६ जणांच्या हृदयाचं स्कॅन केलं तर १४ जणांच्या नळ्यांत कॅल्शियम सापडलं. आणि त्या पाहणीत ज्यांच्या नळ्यांत कॅल्शियम होतं, ते गोळ्यांमधून रोज जवळजवळ दुप्पट कॅल्शियम पोटात घालत होते.

हे दुप्पट वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारण मी तेच करत होतो.

भिंत कडक झाली तर बिघडलं काय, असंही मला वाटलं होतं. जीआय पाइप रबरापेक्षा टिकते की! पण ज्यानं घरात प्रेशर पंप बसवलाय त्याला हे लगेच पटेल. पंपाला एक गोल टाकी असते, तिच्या पोटात रबराची पिशवी आणि बाजूला हवा. पंपानं ढकललं की पिशवी फुगते, पंप थांबला की ती आवळून पाणी पुढं देत राहते, म्हणून नळाला सारखी धार येते. ती पिशवी फाटली की काय होतं? पंप चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, पाइपा भिंतीत धाड धाड वाजतात, आणि थोड्या दिवसांत पंपाची मोटर जळते. हृदयातून निघणारी मोठी धमनी हीच आपली रबरी पिशवी. ती कडक झाली की प्रत्येक ठोक्याचा धक्का थेट पुढं जातो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त ढकलायला कुणी उरत नाही. माझं बीपी वरचं १९० आणि खालचं ७० का येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोटर म्हणजे हृदय. त्याची भिंत जाड होत जाते, मग ते थकतं.

फिस्टुलाचंही तेच. माझा पहिला फिस्टुला मनगटाजवळ होता, पाच वर्षं चालला आणि एका रात्रीत बंद पडला. सकाळी उठून हातावर हात ठेवला तर थरथर नाही. ज्यांना फिस्टुला आहे त्यांना ही सवय असते, उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी थरथर बघायची. दुसरा करताना सर्जन म्हणाले, अंड्याच्या कवचात टाका घालतोय असं वाटतंय. शेवटी कोपराजवळ केला, तो चालतोय.

आता मूळ मुद्दा. कॅल्शियम.

आमच्या शरीरातला सगळा घोळ फॉस्फरसपासून सुरू होतो. दूध, डाळी, मटण, अंडी, शेंगदाणे, सगळ्यात ते असतं. धडधाकट किडनी जास्तीचं लघवीतून काढून टाकते. आमचं ते दार बंद. मग मशीन किती काढतं? माझ्या पद्धतीनं टाकीचा हिशेब सांगतो. माणूस साधं खाऊनही दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात घालतो, त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास रक्तात शिरतं. आठवड्याचे झाले ४२०० मिलिग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० निघतं, तीन वेळचं २४००. म्हणजे तीनही वेळा नियमानं जाऊन आठवड्याला १८०० मिलिग्रॅम टाकीत शिल्लक. आणि पैशापायी, गाडीपायी जे दोनदाच येतात त्यांचं काय ते तुम्हीच मोजा.

हे शिल्लक राहणारं पोटातच अडवायला गोळ्या देतात. त्यातली एक जात कॅल्शियमची. कॅल्शियम अन्नातल्या फॉस्फरसला धरतं आणि दोघं मिळून शौचावाटे जातात. दुसरी जात सेवेलामर. ती बघून तर मला आपला गाववाला भेटल्यासारखं झालं, कारण पाण्याच्या सॉफ्टनरमध्ये आम्ही जे रेझिनचे दाणे भरतो त्यांचीच ती भावकी. सॉफ्टनरचं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम धरतं, हे फॉस्फेट धरतं, स्वतः रक्तात उतरत नाही. किमतीला मात्र कॅल्शियमच्या गोळीच्या कितीतरी पट.

दोन्ही गोळ्यांचा नियम एकच, जेवणाबरोबर. ताटातल्या फॉस्फरसला धरायला गोळी ताटाच्या वेळेलाच पोटात पाहिजे. मी पहिली चार वर्षं काय करत होतो? कामावर निघायची घाई, म्हणून दिवसाच्या तीन गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदमच. दुपारी डबा खायचो तेव्हा गोळी पुढं गेलेली असायची. वर आणि हाडं दुखतात म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमची वेगळी पट्टी आणायची, ती रात्री झोपताना. कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं विचारलं नाही, मी डॉक्टरांना सांगितलं नाही. औषध कुठं आहे ते, कॅल्शियमच की, असं मनात. अधूनमधून ती साठ हजारवाली व्हिटॅमिन डीची पुडीही दुधातून घ्यायचो. शेजाऱ्याला गुण आला होता.

रिकाम्या पोटी घेतलेल्या कॅल्शियमला धरायला फॉस्फरस सापडत नाही. मग ते काय करतं? रक्तात उतरतं. बाजारातल्या १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या एका गोळीत निव्वळ कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. धडधाकट माणसाचं जास्तीचं लघवीतून जातं. आमचं जाणार कुठं? आणि व्हिटॅमिन डी तर आतड्याला आणखी कॅल्शियम, आणखी फॉस्फरस आत घे म्हणून सांगणारं.

तरीही हाडं दुखत होती हे खरं. आपल्या लेखकांचा आणि माझाही गोंधळ इथंच झाला. हाडं कच्ची म्हणजे कॅल्शियम कमी, असा सरळ हिशेब. आमच्यात तो उलटा चालतो. फॉस्फरस वाढलं की गळ्यातल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळतात, त्यांचा रस, म्हणजे पीटीएच, हाडांतून कॅल्शियम ओढून काढतो. माझं पीटीएच एकदा अकराशेवर गेलं होतं. हाडातला माल निघतो आणि धमनीच्या भिंतीत जाऊन बसतो. घराचे वासे काढून विहिरीला बांध घालावा, तसा प्रकार. अशा माणसाला वरून आणखी कॅल्शियम दिलं तर ते हाडाकडं जाईलच असं नाही.

म्हणूनच केडिगो नावाची मूत्रपिंडरोगावर जगभरासाठी नियम लिहिणारी जी संस्था आहे, तिनं २०१७ मध्ये मोठ्या माणसांत कॅल्शियमवाल्या गोळ्यांचं प्रमाण मर्यादित ठेवा असं लिहिलंय. गोळी बंदच करा असं नाही. डॉक्टर रक्त बघून देतात तेवढीच, देतात तेव्हाच. त्याच नियमांत आणखी एक सोय आहे, धमनीतलं कॅल्शियम बघायला महागडं स्कॅनच पाहिजे असं नाही, पोटाचा बाजूनं काढलेला साधा एक्स-रे चालतो. मला ते माझ्या मनगटावर पाइप पडल्यामुळं फुकटात कळलं, इतरांनी पाइप पडायची वाट बघू नये.

आता कात्रणाकडं येतो.

माझ्या शेजारच्या मशीनवर खानापूरकडचे एक काका असतात. जांबोटीच्या पुढं जंगलात गाव आहे, शेती आहे. त्यांच्याबरोबर त्यांची बायको येते, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. बाई हुशार. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, सरकारी कार्ड, गोळ्या आणि आपल्या पेपरातली आरोग्याची कात्रणं तारीखवार लावलेली. बाईंना कानडी वाचता येत नाही, इंग्रजी येत नाही. आहाराचा तक्ता आम्हाला एका बाजूला कानडी, एका बाजूला इंग्रजी असा मिळालेला. मी कानडी बोलतो, निम्मी गिऱ्हाईकं कानडीच, पण वाचताना मीही बोट ठेवून अडखळत वाचतो. तेव्हा वहिनींना कळेल असं आरोग्याचं अक्षर म्हणजे फक्त आपला पेपर. हे मी सीमाप्रश्न म्हणून लिहीत नाही, त्याच्यावर लिहिणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्राची आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांत येणार म्हणून दोन्हीकडून केवढा धुरळा उडाला होता! त्यातली एक चिमूट मेहनत मराठीत एक पानाचा आहारतक्ता छापायला लागली असती तर, असं कधी कधी वाटतं. जाऊ दे.

तर वहिनींनी आपला लेख कापला आणि अंमलात आणला. काकांचे गुडघे दुखत होतेच. सकाळी नाचणीची आंबील ताकातून, संध्याकाळी तिळाचा लाडू, रात्री पेलाभर दूध आणि दोन गोळ्या. "लेखात एक लिहिलीय, पण यांचं दुखणं जास्त म्हणून दोन." नवऱ्यासाठी बाईनं घरची म्हैस राखली होती, दूध विकायचं बंद केलं होतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, दुधात दोनशेच्या जवळ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. वर गेल्या सणाला पाहुण्यांनी आणलेला कुंदा आणि गोकाकचा करदंट झालाच. कुंदा म्हणजे काय, आटवलेलं दूधच की.

पुढच्या महिन्याचा रिपोर्ट आला. फॉस्फरस ७.८, कॅल्शियम १०.९. फॉस्फरस धडधाकट माणसाचं साडेचारच्या आत असतं, आमचं साडेपाचच्या आत राहिलं तरी डॉक्टर पाठीवर थाप मारतात. काकांना रात्रभर अंगाला खाज, पाठ खाजवून रक्त काढलेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनींनी पिशवीतून कात्रण काढून समोर ठेवलं. चेहरा असा, की बघा मी किती काळजी घेतली. डॉक्टरांनी वाचलं आणि काहीच न बोलता सिस्टरकडं परत दिलं. मग सावकाश समजावलं, गोळ्या बंद केल्या, दूध बंद केलं, औषध बदललं. त्यांना माझा एक्स-रे आठवला, मी मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो वहिनींना दाखवला. त्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "म्हणजे मी हे यांच्या हातात भरत होते काय?"

मी म्हटलं, नाही हो वहिनी, महिन्याभरात एवढं होत नाही, माझं चार वर्षांचं पाप आहे हे. खरं तेच सांगितलं. काकांचा सगळा रिपोर्ट त्या लेखानं बिघडला असं मी म्हणणार नाही. त्याला आणखी एक कारण आहे, गावाकडं जाणारी बस.

काकांची डायलिसिस दुपारची. चार तास पूर्ण करायचे तर सुटायला साडेपाच होतात, पट्टी बांधून रक्त थांबेपर्यंत सहा. त्यांच्या गावाकडची शेवटची सोयीची गाडी त्याआधी. म्हणून साडेतीन तास झाले की ते सिस्टरला खुणावतात आणि मशीनवरून उतरतात. अर्ध्या तासानं काय होतंय, असं आपल्याला वाटतं. पण फॉस्फरस निघायची तऱ्हा निराळी आहे. पहिल्या तास-दीड तासात रक्तातलं भराभर निघतं, मग मांसातलं, हाडातलं सावकाश झिरपत रक्तात येतं आणि मशीन ते हळूहळू काढत राहतं. तळाला गाळ असलेली टाकी रिकामी करताना जसं होतं तसं, घाई करून चालत नाही. मिनिटाला अर्धा लिटर पाणी मशीनमधून जातं, चार तासांना १२० लिटर. एवढं पाणी सॉफ्टनरमधून काढून, आरओ करून तयार ठेवलेलं असतं आणि आपण गाडीसाठी ते टाकून उठायचं. (मी त्या आरओच्या खोलीत डोकावून आलोय, सवयच ती. सॉफ्टनर बिघडून पाण्यातला क्षार मशीनमध्ये गेला तर रुग्णाला तिथल्या तिथं ओकाऱ्या होतात, बीपी चढतं. आमच्याकडची जोडणी चांगली आहे, एक व्हॉल्व्ह उलटा बसवलेला होता तेवढा सांगून आलो.)

काकांना आता सकाळच्या शिफ्टमध्ये जागा मिळालीय, एक रुग्ण कोल्हापूरला मुलाकडं गेला त्याची. पहाटे साडेचारला उठतात. पण चार तास होतात.

माझ्या गोळ्यांचं म्हणाल तर आता शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून असतात, पहिल्या घासाबरोबर घेतो. लग्नात पंगतीत बसलो की शेजारचा विचारतो, साखर आहे काय हो? हो म्हणतो. डाळ खातो, कारण डाळीतलं फॉस्फरस आतडं कमीच उचलतं आणि प्रथिनं तर आम्हाला पाहिजेतच. मशीनवर ती वाहून जातात. सगळंच बंद करून माणूस वाळवण्यात अर्थ नाही. बंद काय केलं तर काळी कोल्ड्रिंकं, पाकिटातलं चीज, पाकिटातले केक. त्यात घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळंच्या सगळं अंगी लागतं. पाकिटाच्या मागं साखर, मीठ, चरबी किती ते छापलेलं असतं, फॉस्फरस किती ते छापायची सक्ती नाही. बारीक अक्षरात ३३८ पासून ३४१ पर्यंतचे किंवा ४५० ते ४५२ हे आकडे दिसले तर फॉस्फेट समजायचं, हे पुतणीनं शिकवलंय. दुकानात उभा राहून चष्मा वर करून वाचत बसतो, दुकानदाराला वाटतं म्हातारा एक्स्पायरी बघतोय.

आता मागणी. ती लहान आहे. कॅल्शियम, दूध, व्हिटॅमिन डी यांवर पुन्हा काही छापाल तेव्हा खाली एक ओळ टाका: "किडनीचा आजार असलेल्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्यांनी हे आपल्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये." आणि आपल्या डॉक्टर लेखकांपैकी कुणाकडून तरी डायलिसिसवाल्यांच्या आहारावर एक लेख मराठीत लिहून घ्या. त्यात आपल्याकडचं खाणं असू दे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आंबील, कुंदा, मटणाचा रस्सा, यातलं काय चालतं, किती चालतं, गोळी कधी घ्यायची. परदेशी तक्त्यातलं ब्रोकोली आणि बेरीज आम्ही कुठून आणणार?

आणखी एक. हे छापणार असाल तर मंगळवारच्याच पानावर छापा, रविवारच्या पत्रव्यवहारात नको. वहिनी कात्रणं मंगळवारच्या पानाची कापतात.

आपला,
एक जुना वाचक, येळ्ळूर (ता. जि. बेळगाव)

ता. क. : नाव छापू नये. आजारी माणूस आहे म्हटलं की गिऱ्हाईकं काम दुसऱ्याला देतात, आणि पोराचा धंदा अजून माझ्याच नावावर चालतो.